अळणी पितर

शाळेत तीस वर्षं मी मुलांची हजेरी घेतली. आता धुळ्यातल्या आमच्या कॉलनीत, रोज सकाळी हातात साखळी धरून, कुत्र्याच्या मुताची हजेरी घेते. कडुलिंबाखाली त्याने पाय वर केला आणि धार पडली की मोठ्याने म्हणते, "शाब्बास रे माझ्या राजा!" दूधवाला हसतो. हसू दे मेल्याला. दिवसभरात माझं तोंड उघडतं ते बहुतेक एवढ्यासाठीच, हे त्याला काय ठाऊक.

कुत्रा ह्यांचा. मला कुत्र्यांची भारी किळस. सोनगीरजवळ हायवेवर कुणीतरी सोडून दिलेलं पिल्लू हे शर्टात गुंडाळून घरी घेऊन आले, तेव्हा मी आठ दिवस ह्यांच्याशी बोलले नव्हते. पुढे हे जेवायला बसले की तो मांडीला टेकून बसायचा आणि भाकरीचा शेवटचा तुकडा, कालवणात बुडवलेला, त्याचा असायचा. मी ओरडायचे, हे हसायचे. दोन वर्षांपूर्वी थंडीत हे गेले. तेरावं करून मुलगा बंगळुरूला परतला, आणि घरात ह्यांची वाट बघणारे दोघंच उरलो. मी आणि तो.

पुढच्याच उन्हाळ्यात त्याची लघवी अडली. जळगावला नेऊन ऑपरेशन केलं. डॉक्टरांनी हरभऱ्याएवढे मुतखडे बाटलीत घालून माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "बाई, ह्याला परत होणार. पुन्हा अडली, तर ह्या वयात दुसरं ऑपरेशन सोसेल असं सांगता येत नाही." मीठ बंद, पालक बंद, माणसाच्या ताटातलं काहीच नाही. त्यांनी ठरवून दिलेलं खाणं, तेही पाण्यात कालवून. वर पाणी पाजायचं, सारखं पाजायचं. हा पाण्याला तोंड लावेना, म्हणून घरभर पाच भांडी मांडली. येता-जाता मीच त्यांना अडखळते आणि स्वतःलाच शिव्या घालते. पण मी ठरवलं होतं, ह्याला जाऊ द्यायचं नाही. हाही गेला तर मी भांडू कुणाशी?

भाद्रपदात पितरांचे दिवस आले आणि माझं डोकंच फिरलं. आमच्याकडे पितराला आगारी टाकतात, म्हणजे निखाऱ्यावर नैवेद्याचा घास. मग एक घास गाईला, एक कावळ्याला, एक कुत्र्याला. गल्लीत पाळलेला कुत्रा आमचाच. त्यामुळे रोज कुणी ना कुणी पान घेऊन फाटकाशी हजर. उडदाचा वडा, गिलक्याची भजी, खीर. शेवटी मी फाटकावर पाटी लावली, 'कुत्र्याला काही घालू नये.' तरी शेजारच्या अक्का आल्याच. माझ्याबरोबर चहा पिणारं गल्लीतलं एकुलतं एक माणूस. "पितरसना घास शे हाऊ, अडावू नको," आपल्या अहिराणीत म्हणाल्या.

"तुमचे पितर जेवतील हो," मी म्हटलं, "माझा कुत्रा मरेल त्याचं काय?"

अक्कांनी पान उचललं आणि चालत्या झाल्या. त्या दिवसापासून चहा बंद, बोलणं बंद. मीही गेले नाही समजूत काढायला. स्वभाव आहे, त्याला औषध नाही.

मग ह्यांची तिथी आली. पहिलंच पितर. मुलाने फोनवरूनच नमस्कार केला, आगारी मी टाकली. सगळं ह्यांच्या आवडीचं केलं होतं, मीठ जरा चढंच. मीठ कमी पडलं की हे ताट सरकवून उठायचे. ह्यांचं पान वाढून ह्यांच्या पाटासमोर ठेवलं, तर हा आला आणि त्या रिकाम्या पाटाला टेकून बसला. मागेना, भुंकेना, नुसता बसून राहिला. मी वडा मोडला, कढीत बुडवला आणि माझ्या हाताने त्याला भरवला. एक नाही, दोन. 'अगं, काय करतेस!' म्हणायलाही घरात कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडुलिंबाखाली त्याने पाय वर केला. थेंब नाही. मग विजेचा खांब, मग पुन्हा कडुलिंब. तो कण्हला आणि माझ्याकडे बघत राहिला. रिक्षावाले एवढं धूड घेईनात. गाडी होती ती अक्कांकडे. साठी उलटली तरी जुनी व्हॅन स्वतः चालवतात. लाज गुंडाळून ठेवली आणि त्यांची कडी वाजवली.

"अक्का, मीच घातला हो वडा. पाटी लावून, तुमच्याशी भांडून, मीच घातला."

वाटलं, आता चार शब्द ऐकवतील, आणि ऐकवायलाच हवे होते. त्यांनी खुंटीवरची किल्ली काढली. "रडू नको. चाल, मी येस."

दवाखान्यात नळी घातली. मी त्याचं डोकं धरून "मूत रे माझ्या सोन्या, मूत," म्हणत होते आणि लोक बघत होते. धार सुटली ती थेट माझ्या पातळावर. ह्यांना नेलं तेव्हा माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. तिथे मात्र हंबरडा फोडला. डॉक्टर म्हणाले, दोन वड्यांनी एका रात्रीत खडा होत नसतो, आधीचाच सरकला असेल. असेलही. मला पटलं नाही.

यंदा ह्यांची तिथी आली तेव्हा मी आधी डॉक्टरांना विचारलं आणि मग चूल पेटवली. उकडलेलं डांगर, म्हणजे लाल भोपळा, मऊ भात, सगळं बिनमिठाचं. वडे केलेच नाहीत. आगारी टाकली, अक्कांना जेवायला बोलावलं. पहिल्या घासालाच त्या थबकल्या. "मीठ इसरनी का व?"

"नाही अक्का," म्हटलं.

त्यांनी ह्यांच्या पाटाकडे बघितलं, पाटाला टेकून बसलेल्याकडे बघितलं आणि पुढचा घास उचलला. त्या गेल्यावर ह्यांच्या पानातला शेवटचा घास मी त्याला भरवला. मग पाटाकडे वळून म्हटलं, "रागावू नका. ताट सरकवायचं तर सरकवा. पण उठून जाऊ नका."