तीन फूट पाणी

अमेरिकेतल्या पार्सिपनी गावच्या मराठी मंडळींत आसावरी देशमुखची ओळख करून देताना दोन गोष्टी हटकून सांगितल्या जातात. एक म्हणजे तिच्या हातच्या पुरणपोळ्या, आणि दुसरी म्हणजे ती तीन फूट पाण्यात बुडाली होती ती गोष्ट. पुरणपोळ्यांबद्दल काही वाद नाही.

लेक नेत्रा पाच वर्षांची असताना हे तिघं पोकोनोजच्या डोंगरांतल्या एका हॉटेलात राहायला गेले होते. तिथल्या स्विमिंग पूलच्या पायरीवरून आसावरीचा पाय घसरला, ती पाण्यात बसली आणि घाबरून ओरडली. झालं ते एवढंच. पाणी कमरेइतकं होतं. नवऱ्याने, परीक्षितने, काखेत हात घालून तिला उभं केलं, सगळे हसले, आणि तीही हसली. तिथेच फसली बिचारी. तेव्हा हसली म्हणून पुढची वीस वर्षं तिला हसतच राहावं लागलं. जर्सी शोअर असो, कॅनकून असो, हवाई असो, पाणी दिसलं की कुणीतरी म्हणायचं, आई तीन फुटांत बुडते हं, तिला सामानापाशी बसवा. मग सगळ्यांचे फोन, चष्मे, गाडीच्या किल्ल्या आणि टॉवेल आसावरीच्या मांडीवर यायचे. घरात समुद्राचे फोटो हजारभर असतील, पण ओली आसावरी एकाही फोटोत सापडायची नाही.

यात कुणी दुष्ट असतं तर बरं झालं असतं. निदान भांडता आलं असतं. परीक्षित चांगला माणूस होता. विमा कंपनीत आयटीचा डायरेक्टर, पण घरी आला की कपड्यांच्या घड्या घालणारा, बायकोचं डोकं दुखलं तर स्वतः चहा करून देणारा. फक्त बायकोबद्दलची मतं त्याने लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांत एकदाची बनवून टाकली होती आणि त्यांत पुन्हा लक्ष घालायची त्याला गरज वाटली नव्हती. आसावरीला वांगं आवडत नाही, आसावरीला हायवेवर ड्राइव्ह करायला भीती वाटते, आसावरीला पाणी झेपत नाही. यातलं वांगं ती आता आवडीने खायची, आणि लायब्ररीतल्या नोकरीवर रोज हायवेनेच जायची.

ती मूळची अकोल्याची. नळाला पाणी आलं की भांडी भरून ठेवायची, यापलीकडे पाण्याशी तिचा संबंध कधी आलाच नव्हता. त्यामुळे लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला ग्रीसला जायचं ठरलं तेव्हा तिनेही मनात सामानाचीच तयारी केली. पण नेत्राने बॉस्टनहून एक व्हिडिओ पाठवला. मिलोस नावाच्या बेटावरची छोटीशी बोट होती. पांढऱ्याशुभ्र कड्यांखाली बोट थांबत होती आणि लोक निळ्या पाण्यात धपाधप उड्या मारत होते. त्यांत आसावरीच्याच वयाची, पिकल्या केसांची एक बाई होती. तिने नाक धरलं, डोळे मिटले आणि मारली उडी. आसावरीने तो व्हिडिओ किती वेळा पाहिला कोण जाणे. शेवटी तिने ठरवलं की त्या पाण्यात आपण उतरायचं. पोहायची हौस होतीच, पण त्याहून जास्त तिला नवऱ्याची आणि लेकीची तोंडं बघायची होती. त्या दोघांनी आपल्याला पोहताना पाहावं, एवढ्या एकाच गोष्टीसाठी तिने सगळा खटाटोप मांडला.

म्हणून घरी काही सांगितलं नाही. झुंबाला जाते असं सांगून ती गावच्या पूलवर शिकायला जाऊ लागली. पूर्ण बाह्यांचा, गुडघ्यापर्यंतचा पोहायचा पोशाख तिने ऑनलाइन मागवला आणि टॉवेलात गुंडाळून गाडीच्या डिकीत ठेवला. शिकवायला डेनिस नावाची उंच, रुंद खांद्यांची बाई होती. पहिला महिना नाकातोंडात पाणी जाण्यातच गेला. एकदा तर आसावरी कपडे बदलायच्या खोलीत बसून रडली आणि उद्यापासून येत नाही असं डेनिसला सांगून टाकलं. डेनिसने मान डोलावली आणि उद्या येताना चांगला गॉगल आण म्हणाली. आसावरी गेली. हिवाळ्यात ती तरंगायला लागली. स्वतःचं वजन पाण्यावर टाकून पाठीवर पडून राहायची, कानांत पाणी भरलं की जगाचा आवाज बंद व्हायचा, आणि तिला वाटायचं की इतकं हलकं आपण आयुष्यात कधी नव्हतोच. वसंत आला तोवर ती खोल बाजूच्या भिंतीला हात लावून परत येऊ लागली होती. केसांना क्लोरीनचा वास येईल म्हणून ती तिथेच डोकं धुऊन घरी यायची. ती काळजी फुकटच होती. नवरा तिच्या केसांजवळ येऊन किती वर्षं झाली, हे तिलाच आठवत नव्हतं.

आणि मग एका रात्री जेवताना परीक्षितने आनंदाची बातमी दिली. त्याची आई, पद्मिनीबाई, नवरा वारल्यापासून यांच्याकडेच राहायच्या. ग्रीसच्या आठवड्यात त्यांनी एडिसनला परीक्षितच्या बहिणीकडे राहायचं ठरलं होतं. पण परीक्षितने बेत बदलला होता.

"आईलाही नेऊ या आपण," तो म्हणाला. "बोट ट्रिपला तिला एकटं वाटेल म्हणून मी विचार करत होतो. पण मग क्लिक झालं, तू तर बोटीवरच बसणार आहेस ना. दोघींना कंपनी होईल. मी बुकिंग करून पण टाकलं."

पद्मिनीबाईंनी भरल्या डोळ्यांनी मुलाकडे पाहिलं. मला पोहता येतं, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण वर्षभर जपलेली गोष्ट अशी आमटीभाताच्या ताटावर, सासूबाईंच्या आनंदावर विरजण घालत सांगायची? तिने आणखी एक पोळी वाढू का म्हणून विचारलं.

मिलोसला पोचल्यावर बोटीच्या दिवशी तिने पोहायचा पोशाख आत घातला आणि वरून कुर्ता चढवला. आशा किती चिवट असते पाहा. पिशवीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, सासूबाईंच्या गोळ्या आणि सगळ्यांचे टॉवेल होते. बोट सुटली. कप्तान कडे दाखवत होता, गुहा दाखवत होता, जुन्या काळी इथे चाचे लपायचे असं काहीबाही सांगत होता. पद्मिनीबाईंनी सुनेचा हात जो धरला तो सोडलाच नाही. पहिल्या ठिकाणी बोट थांबली, परीक्षित आणि नेत्रा पाण्यात उतरले, इतर प्रवासीही उतरले. आसावरी मांडीवर फोन आणि चष्मे घेऊन बसली. तिला इतका संताप आला होता की त्या निळ्या पाण्याकडे तिला बघवेना.

दुसऱ्या आणि शेवटच्या ठिकाणी पाणी आणखी नितळ होतं. तळाचे गोटे दिसत होते. पुन्हा सगळे उतरले. तेवढ्यात पद्मिनीबाईंची नजर सुनेच्या कुर्त्याच्या गळ्यातून डोकावणाऱ्या काळ्या पोशाखावर गेली.

"जायचंय का तुला?" त्यांनी विचारलं.

आसावरीने होकाराची मान हलवली.

"येतं?"

"येतं आई. वर्षभर शिकतेय."

"मग जा की. मी काही पळून जात नाही."

तीस वर्षांच्या संसारात सासूबाईंनी तिला दिलेली ही सगळ्यात मोठी भेट होती. आसावरीने फोन आणि चष्मे पिशवीत टाकले, कुर्ता काढून ठेवला आणि मागच्या शिडीने पाण्यात उतरली. पाणी गार होतं, खारट होतं, आणि पूलपेक्षा जास्त उचलून धरणारं होतं. तिने हात मारले. एक, आणखी एक. श्वास बरोबर येत होता. समोर परीक्षितची पाठ दिसत होती. आता त्याच्या शेजारी जाऊन सहज म्हणायचं, काय हो, पाणी मस्त आहे ना. वर्षभर तिने हेच वाक्य घोकलं होतं.

तेवढ्यात नेत्राने तिला पाहिलं.

"डॅड! आई इज इन द वॉटर! डॅड, गेट हर!"

परीक्षित वळला आणि जिवाच्या आकांताने पोहत आला. आसावरी हसली, हात वर करून त्याला थांबवायला गेली, आणि तो वर गेलेला हातच नडला. त्याला वाटलं ही बुडतेय. त्याने मागून तिच्या गळ्याखाली हात घातला आणि तिला ओढलं. ती पाण्याखाली गेली. आयुष्यात पहिल्यांदा ती खरोखर बुडत होती, तीही वाचवणाऱ्याच्या हातून. वर आली तेव्हा नाकातोंडातून खारं पाणी वाहत होतं आणि बोलायला श्वास नव्हता. कप्तानाने ट्यूब फेकली, दोघातिघांनी मिळून तिला शिडीवर ढकललं. बोटीवर टाळ्या वाजल्या. कुणीतरी परीक्षितची पाठ थोपटली. तो रडत होता, आणि हे रडणं खरं होतं, हीच तर पंचाईत होती.

"मी पोहत होते," आसावरी खोकत म्हणाली.

"हो, हो. ती शॉकमध्ये आहे," परीक्षित सगळ्यांना म्हणाला आणि टॉवेल तिच्याभोवती गुंडाळला.

हॉटेलवर गेल्यावर तिने पुन्हा सांगितलं. डेनिसचं नाव सांगितलं, झुंबाचं खोटं सांगितलं. परीक्षितने सगळं ऐकून घेतलं आणि तिचा हात हातात घेतला. पूल वेगळा आणि समुद्र वेगळा, तो म्हणाला. चार धडे घेतले म्हणजे पोहता येतं असं नसतं. तुला काही झालं असतं तर मी काय केलं असतं? मग ती सासूबाईंच्या खोलीत गेली. पद्मिनीबाई जपमाळ घेऊन बसल्या होत्या.

"तू पोहत होतीस," त्या आपणहून म्हणाल्या. "छान पोहत होतीस. मी बघत होते."

"मग तुम्ही सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतील."

पद्मिनीबाईंनी माळेचे दोनतीन मणी ओढले. "काय करायचंय सांगून? एवढ्या लोकांनी त्याला शाबासकी दिली. आता त्याचं हसं होईल. असू दे गं. त्याला बरं वाटतंय."

पार्सिपनीला परतल्यावर पहिल्याच पॉटलक जेवणाला ही गोष्ट रंगली. परीक्षितने सांगितली, नेत्राने व्हिडिओ कॉलवरून भर घातली, आणि तीन फुटांची जुनी गोष्ट निळ्या समुद्राएवढी खोल झाली. पुरणपोळी मोडता मोडता कुणीतरी पद्मिनीबाईंना विचारलं, काकू, तुम्ही तर तिथेच होतात ना? आसावरी वाढायचं थांबली. पद्मिनीबाईंनी एकदा सुनेकडे पाहिलं.

"होते तर," त्या म्हणाल्या. "माझ्या लेकाने वाचवली तिला."

आसावरी तूप आणायला आत गेली. तुपाचं भांडं बाहेर टेबलावरच होतं. बाहेर आली तेव्हा परीक्षित सगळ्यांसमोर एक पाकीट धरून उभा होता. गावच्या पूलवर मोठ्यांसाठी पोहण्याचा अगदी प्राथमिक वर्ग असतो, त्याची फी त्याने भरली होती. मी स्वतः सोबत येणार, तो म्हणाला, मग तर भीती नाही ना? बायकांनी टाळ्या वाजवल्या. नवरा असावा तर असा, असं एकीने म्हटलंही.

शनिवारी तो खरोखर आला. काठावरच्या बाकावर टॉवेल, चष्मा आणि गाडीची किल्ली मांडीवर घेऊन बसला. डेनिसने आसावरीला नवशिक्यांच्या रांगेत पाहिलं आणि तिच्या भुवया वर गेल्या. आसावरीने जवळ जाऊन दोन वाक्यांत सगळं सांगितलं. डेनिसने बाकाकडे एकदा पाहिलं. मी सांगू का त्याला, तिने विचारलं. आसावरी नको म्हणाली. मग दाखव, डेनिस म्हणाली.

परीक्षितने हाक मारून आसावरीला उथळ बाजूला दांडी धरून उभं केलं आणि फोटो काढला. अखेर ओल्या आसावरीचा फोटो निघाला. मग तिने दांडी सोडली आणि पाण्यात अंग झोकून दिलं. वर्षभराची सगळी मेहनत तिने त्या एका फेरीत ओतली. हात लांब जात होते, पाय आवाज न करता पाणी कापत होते. खोल बाजूच्या भिंतीला हात लावून तिने वळून पाहिलं. परीक्षितची मान खाली होती. मघाचा फोटो तो ग्रुपवर टाकत होता आणि आलेल्या लाइकच्या अंगठ्यांकडे बघून हसत होता. ती तशीच थांबली, एक हाक मारता आली असती तेवढा वेळ थांबली. मग परत पोहत आली आणि दांडीपाशी उभी राहिली.

तेव्हा त्याने वर पाहिलं. ती होती तिथेच होती.

"जमेल गं हळूहळू," तो प्रेमाने म्हणाला. "पाय टेकतायत ना?"

"टेकतायत," आसावरी म्हणाली.