नामदिनाचा पाहुणा

त्र्याव्ना गावच्या वाचनालयात निवृत्तांसाठी संगणकाचा वर्ग भरे. त्यात नेवेना ख्रिस्तोवाचा शब्द शेवटचा मानला जाई. शिवणकारखान्यात आयुष्य काढलेल्या या बाईला फसव्या ईमेलची खोट चटकन कळे. कुणाला बक्षीस लागल्याचं पत्र आलं की ती चष्मा चढवून म्हणे, "आधी पत्ता पाहा, मग घाई पाहा. घाई करतो तो चोर. आणि पासवर्ड मागेल त्याला दाराबाहेरूनच नमस्कार." शेजारीण तोदोर्का तिला 'फौजदारीणबाई' म्हणून चिडवी.

संगणक तिला मुलाने, यावोरने, घेऊन दिला होता, स्पेनला गवंडीकामासाठी जाताना. ईमेलचं खातंही त्यानेच, आपला फोन नंबर घालून, उघडून दिलं होतं. नेवेना हे फुलाचं नाव, यावोर झाडाचं. आणि फुलाझाडांची नावं असलेल्या सगळ्यांचा नामदिन, म्हणजे नावाचा सण, एकच, ईस्टरच्या आधीच्या रविवारी, त्स्वेतनित्साला. त्या दिवशी आमंत्रण कुणालाच द्यायचं नसतं आणि आलेल्याला परतवून लावायचं नसतं. दार उघडं, टेबलावर भाजलेला मासा. यावोरला येणं जमत नसे, म्हणून तो दरवर्षी आपल्या आवाजात शुभेच्छा बोलून ईमेलने पाठवी. "आई, माझा मासा मांजराला घालू नकोस हं, माझ्या वाटणीचा तूच खा!" परांचीवरून पडून तो गेला, त्यानंतर त्याचा आवाज म्हणून जगात जे काही उरलं, ते तिच्या ईमेलच्या खात्यात होतं.

यंदा त्स्वेतनित्साच्या सकाळी तिने देवळातून आणलेल्या वाळुंजाच्या डहाळ्यांचं कडं वळून दारावर टांगलं, मासा भट्टीत सरकवला आणि संगणक उघडला. सर्वांत वर यावोरचं नाव होतं. 'यावोरने तुमच्यासाठी शुभेच्छा ठेवल्या आहेत. आजच उघडा.'

पत्ता त्याचाच होता. त्याचं बेवारस खातं कुणीतरी फोडलं असणार, हे तिला वाचताक्षणीच उमगलं. 'आजच' ही घाई होती. लिंक उघडताच पासवर्डचा रिकामा चौकोन आला. वर्गात कुणी हे पत्र दाखवलं असतं, तर तिनेच ते पुसायला लावलं असतं. ती उठली, मासा उलटला, परत येऊन बसली. नामदिनाला दारात आलेलं नाव. आणि तेही हे. तिने आपला पासवर्ड लिहिला.

पान कोरंच राहिलं. मासा ताटात काढेपर्यंत खात्याने तिला ओळखणं सोडलं होतं. ते परत मिळवण्यासाठीचा संदेश यावोरच्या फोनवर जाणार होता. तो फोन केव्हाच बंद झाला होता.

तोदोर्का वाइनची बाटली घेऊन आली ती दारातूनच ओरडत. "काय गं फौजदारीणबाई, 'नेवेनाने शुभेच्छा ठेवल्या आहेत' म्हणे! म्हटलं, कुंपणावरून हाका मारणारी ही बया मला टपाल कधीपासून धाडायला लागली? हात नाही लावला मी."

"शहाणी आहेस."

"तुझीच शिकवण. पण मग तू कशी गं फसलीस?"

"फसले नाही," नेवेना म्हणाली. "ओळखलं होतं मी."

तोदोर्काने बाटली हळूच टेबलावर ठेवली.

"तुझ्या फोनमध्ये तो कुठे बोललाय का गं? मागून, सहज, काहीही?" नेवेनाने विचारलं.

तोदोर्का शोधत राहिली. यावोर हसताना सापडला, पेला उंचावताना सापडला, कुत्र्याला कवेत घेतलेला सापडला. सगळी छायाचित्रं. तिने नकारार्थी मान हलवली.

नेवेनाने ओळखीच्या एकेकाला फोन लावला. "माझ्या नावाने काही आलं तर उघडू नका." मग दोन ताटं वाढली, एकात तोदोर्काचा मासा, दुसऱ्यात यावोरचा, आणि दुसरं आपल्यापुढे ओढलं.

"माझ्या वाटणीचा तूच खा," ती म्हणाली. शब्द जागच्या जागी होते. तिने ते पुन्हा म्हटले, जरा खालच्या पट्टीत, जरा हसून, तो ओढायचा तसा 'खा' ओढून. प्रत्येक वेळी आवाज तिचाच येत होता.