चाकाखाली काहीतरी आलं तेव्हा

कोपरगावला धाकट्या बहिणीकडे राहून मी भिंगारला घरी परतत होते. हे वारल्यापासून गाडी मीच चालवते, आणि साठीच्या बाईने हायवेला गाडी घालू नये असं सांगणाऱ्यांना मी चहासुद्धा विचारत नाही. बहिणीने दिलेली पेरूंची पिशवी शेजारच्या सीटवर होती. हे असते तर मांडीवर घेऊन बसले असते. वळणावर पिशवी कलंडली, मी डावा हात घातला, क्षणभर नजर रस्त्यावरून हटली आणि डाव्या चाकाखाली धप्प झालं.

आरशात पाहिलं. रस्त्यावर काहीतरी आडवं पडलं होतं आणि एक बाई त्याच्याकडे धावत होती.

"असं काही झालं तर थांबू नकोस, लोक आधी मारतात, मग विचारतात," असं शहाणी माणसं सांगतात. खोटं कशाला बोलू, पळून जावंसं वाटलं. मग ह्यांचं जुनं पाठांतर मी मोठ्याने म्हटलं, "घाबरायचं नंतर. आधी गाडी बाजूला, मग इंडिकेटर, मग हँडब्रेक." ह्याच वाक्यावरून मी त्यांच्याशी किती भांडले होते! गाडी साईडपट्टीवर घेतली, गाडीचं नाक पार बाभळीला टेकलं. दोन घोट पाणी प्यायले, मागची वाहनं जाऊ दिली आणि उतरले. ती पन्नास पावलं चालताना वाटलं, आत्ता हात धरायला कोणीही चाललं असतं.

"कोणाला लागलं का हो?" मी लांबूनच विचारलं.

"कुनाला न्हाई बाई. माझ्या डोईवरची मोळी सटकली," ती म्हणाली. ऊसतोडीवरची बाई होती, बैलांसाठी उसाचे हिरवे शेंडे नेत होती. "तुमी थांबला तरी. लई जन थांबत न्हाईत."

मी तिथेच मटकन बसले आणि रडले. तिने रडू दिलं. मग चुरगळलेले शेंडे दोघींनी गोळा केले, दोरी आवळली.

"जरा हात लावा," ती म्हणाली. एवढं ओझं एकटीला डोईवर घेता येत नाही. मी हात लावला.

आता बाभळीला टेकलेली गाडी मागे घ्यायची होती. घरी मी ती फाटकाबाहेरच लावते. मागे उभं राहून "येऊ दे, येऊ दे" म्हणणारं कोणी उरलं नाही, हे शेजाऱ्यांना सांगवत नाही, म्हणून फाटक गंजलंय असं सांगते.

गाडीत बसून मी मागे वळून पाहिलं. मोळी डोईवर तशीच, एक हात मोळीला, दुसरा येणाऱ्या ट्रकला आडवा. न सांगताच ती गाडीमागे येऊन उभी राहिली होती.

"येऊ द्या... येऊ द्या... आजून येऊ द्या..."

वळायला पुरेशी जागा केव्हाच झाली होती. तरी ती "बास" म्हणेपर्यंत मी गाडी मागे घेतच राहिले.