आंदणातली पऱ्हाटी

माणसं वर बघून चालतात किंवा खाली बघून चालतात. माझे सासरे, म्हणजे आमचे मामाजी, तेवढे आयुष्यभर तिरके बघून चालले. सपाट जमिनीत त्यांना रसच नव्हता. नेरला रस्त्याच्या कामांवर मुकादमी करण्यात त्यांची हयात गेली, त्यामुळे कापलेली टेकडी, तळ्याचा बांध, रस्त्याचा भराव, काहीही कललेलं दिसलं की त्यांचे पाय थांबत. नेरहून उमरखेडला आमच्याकडे येताना ते खिडकीची जागा भांडून मिळवत आणि पुसदच्या अलीकडचे डोंगर लागले की दरडींची हजेरी घ्यायला बसत. "हे उभं कापलं, हे पडन. याच्या डोक्यावर चर नाही, हे बी पडन." मी उमरखेडच्या एसटी आगारात कारकून. गाडी लागली की वाहक माझ्या टेबलाशी येऊन सांगे, "तुमच्या मामाजीनं आज अख्ख्या गाडीले भेव घातलं, साहेब." लग्नाच्या पंगतीतसुद्धा त्यांचं लक्ष जेवणात कमी आणि लोक हात धुतात ते पाणी कुठे जातं याकडे जास्त असे. कुठल्याही नव्या जागेला त्यांचा पहिला प्रश्न एकच: "इथलं पानी कुठं जाते?"

मला बघायला आले तेव्हाची गोष्ट. पगार किती, व्यसन काय, शेत कुठं, सगळ्याची उत्तरं पाठ करून मी इस्त्रीच्या शर्टात बसलो होतो. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. चहा घेतला, ग्लासातलं उरलेलं पाणी अंगणात ओतलं, ते कुणीकडे वाहतं ते नीट पाहिलं आणि उठून थेट घरामागे गेले. आमचं घर म्हणजे ढाणकी रस्त्याला टेकडी कापून पाडलेल्या प्लॉटांतलं शेवटचं. मागे दोन पुरुष उंचीचा मुरमाचा उभा कडा आणि त्याच्यावर काळी माती. बऱ्याच वेळाने हात झटकत परत आले आणि म्हणाले, "पोरगा बरा हाये. मांगचा उतार बरा नाही. पोरगी देतो, पन तिच्या डोक्यावर हे असं ठेवून नाही देत." माझ्या आईला वाटलं, स्थळ मोडलं. मला मात्र जन्मात पहिल्यांदा कुणीतरी बरा म्हटलं होतं, म्हणून मी खूश होतो.

लग्न झालं. आंदणात भांडी आली, कपाट आलं आणि दुसऱ्या दिवशी ढाणकीकडच्या एका सोयऱ्याच्या शेतातून ट्रॉलीभर पऱ्हाटी आली, कापसाच्या उपटलेल्या काड्या, मोळ्या बांधून. कापसाची ती वाईट वर्षं होती. लाल्या रोग पडून शेतंच्या शेतं तांबडी होत, बोंडं धरायच्या आत लोक झाडं उपटून बांधावर टाकत आणि त्या ढिगांकडे बघायचं टाळत. पऱ्हाटी मागेल त्याला मिळत होती. पण सुनेसोबत व्याह्यांनी सरपण पाठवावं हे आईच्या जिव्हारी लागलं. "ईवायाले का वाटलं, आमच्या घरी चूल पेटत नाही?" असं म्हणत तिने हट्टाने तेच चुलीत घालायला सुरुवात केली आणि सुनेच्या पहिल्या सणाच्या पोळ्याही त्याच जाळावर केल्या. सणाला मामाजी आले. अर्धा ढीग गायब झालेला पाहिला, दोन पोळ्या खाल्ल्या, हात धुतले आणि मग शांतपणे म्हणाले, "ईनबाई, पोळी झ्याक झाली. पन तुमी माह्या पोरीची भित जाळली."

आईने पुढचे पंधरा दिवस दारोदार फिरून पऱ्हाटी गोळा केली. तिच्याइतका निष्ठावान मजूर त्यांना आयुष्यात मिळाला नसेल. मामाजींनी कडा उतरता करून त्याला पायऱ्या पाडल्या, माथ्यावर पाणी वळवायला चर खणला, प्रत्येक पायरीवर पऱ्हाटीच्या मोळ्या आडव्या पुरून खुंट्या ठोकल्या आणि मध्ये वाळ्याच्या गवताचे ठोंब लावले. पायथ्याशी बिनसिमेंटचा दगड रचला. शेजारी हसत होते. मलाही लाज वाटत होती, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, "मामाजी, सरळ काँक्रीटची भिंत घालू." ते म्हणाले, "पान्याले जागा नाही देल्ली, का ते भित घेऊन घरात येते." बायकोने मोगरा लावा म्हटलं तर तिच्यावरही डोळे वटारले. "मोगऱ्याचं मूळ केवढं, हातभर. वाळ्याचं मूळ पुरुषभर खोल जाते." पण जाताना पायथ्याशी एक मोगरा लावून गेले. पऱ्हाटी दोन-तीन वर्षांत कुजून जाते, तोवर मुळं माती धरतात, मग तिचं काम संपतं, एवढं सांगायला विसरले नाहीत.

तिसऱ्या वर्षी भादव्यात तीन दिवस पाऊस थांबला नाही. आमच्या शेजारच्या प्लॉटामागचा कडा सुटला आणि त्यांच्या स्वयंपाकघरात चुलीपर्यंत चिखल आला. माणसं अंगणात होती म्हणून वाचली. फोन बंद पडले होते, पण एसटीने बातमी नेरला नेलीच: ढाणकी रस्त्याची टेकडी घरांवर आली. पहिल्या गाडीने मामाजी निघाले. दुपारी दारात उभे राहिले ते चपला हातात, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाचं. मी "या मामाजी" म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, घरात डोकावलं नाही, तडक मागे गेले. मला राग आला. पोटची पोर जिवंत आहे का नाही हे न विचारता हा माणूस गवत बघायला जातो. मी पाठोपाठ गेलो. वाळा पावसाने आडवा झाला होता, पण एक पायरी हलली नव्हती. मामाजी पहिल्या पायरीवर चिखलातच बसले होते, दोन्ही तळवे मातीवर टेकवून.

मी जरा चढ्या आवाजात म्हणालो, "आधी पोरीचं तरी विचारायचं."

"तुमाले इचारायची हिंमत नव्हती, जवाईबापू," ते म्हणाले. "म्हनून याले इचारलं."

बायको शेजारच्यांचा चिखल काढायला गेली होती. ती पदर खोचून, हात माखून आली तेव्हा तिच्याकडे पाहून ते एवढंच म्हणाले, "मोगऱ्याले पानी कमी घालत जा, माय."

मामाजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मोळ्या केव्हाच मातीत मिसळल्या, उकरूनही काडी सापडत नाही, आणि उतार उभा आहे. फार आठवण येते त्यांची. परवा आमच्या मुलीसाठी स्थळ बघायला गेलो होतो. मुलगा चांगला, नोकरी चांगली, घर तर अगदी सपाट जमिनीवर. चहा झाला, मी ग्लासातलं पाणी अंगणात ओतलं आणि उठून घराच्या मागे गेलो. परत आलो तर बायको माझ्याकडेच बघत होती. परतीच्या गाडीत तिने स्वतः धरलेली खिडकीची जागा मला दिली.