झारकोनचा नारळ

बाबाजी गावसांनी जन्मात थेटराची पायरी चढली नाही. तरी इब्रामपुरातल्या त्यांच्या वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या, देवळात दर जत्रेला एक नारळ परग्रहाच्या नावाने ठेवला जातो, आणि तो त्यांच्याच कृपेने. हसताय काय? देवाने कौल दिलाय त्याला.

बाबाजी म्हणजे म्हापसा गाडीचे जुने ड्रायव्हर. निवृत्त झाले तरी पाय अजून ब्रेक शोधतो. बायकोने, चंद्रावतीकाकीने, भात वाढणं थांबवावं म्हणून जेवताना टाच दाबतात. पण त्यांचा खरा मान गाऱ्हाण्याचा. जत्रेच्या दुपारी देवापुढे उभं राहून, हद्दीच्या राखणदारांना हाक मारत, पूर्वजांच्या चुकांची माफी मागत, गावाच्या वतीने एकेक मागणं घालायचं, आणि जमलेल्या रयतेने प्रत्येक मागण्याला ‘होय म्हाराजा’ म्हणायचं. होकार पडला नाही तर मागणं उंबऱ्यावरच अडतं, देवापर्यंत जात नाही, असं बाबाजींचं ठाम मत.

आणि एका जत्रेला नेमकं तेच घडलं. ‘जो कोण दर्यापार गेलो आसात, तेका सुखरूप घराक हाड म्हाराजा’ या मागण्याला तीन म्हाताऱ्यांनी होकार दिला, त्यातला एक तर खोकला होता. तरुण पोरांची डोकी मोबाईलात. बाबाजींचा एकुलता एक रुद्रेश मालवाहू बोटीवर. त्या जत्रेपासून त्याची सुट्टी लांबतच गेली. बोट कुठल्याशा बंदरात अडकली, फोन आला तरी अर्ध्यात तुटायचा. कंपनीने कारणं पुष्कळ दिली. बाबाजींना कारण एकच ठाऊक होतं: होकार कमी पडला. माणूस खचला हो. पुढच्या जत्रेलाही पोरं गप्प राहिली तर रुद्रेश येतो कुठला, ही धास्ती त्यांनी घेतली.

शेवटी त्यांनी पुतणीला, तेजस्विनीला विचारलं, “गो, ही पोरां तोंड उघडतत तरी खंय?”

“म्हापशाक, सिनेमात,” ती म्हणाली. “थंय अशी बोवाळतत, छप्पर उडात.”

“मगे ते सिनेमे माका सांग.”

मग दर रविवारी, पोदेराचे उंडे, म्हणजे बेकरीचे गोल पाव, चहात बुडवत, तेजस्विनी सांगायची आणि बाबाजी निवाडा करायचे. पहिला आला तो उडणारा वीर, पाठीवर शेला सोडलेला. बाबाजींनी अर्ध्यातच हात वर केला. हा तर दशावतारी! आधी ऐटीत प्रवेश, मग स्वतःचीच थोरवी, मग राक्षसाचं हसणं संपेपर्यंत ताटकळणं, आणि शेवटी कुणालाच न लागणारं युद्ध. “पण काका, तो राक्षस मेलो तरी पुढच्या भागात येता,” तेजस्विनी म्हणाली. “येतलोच. आमचो राक्षस मेल्यार रंगपटात जाऊन चाय पिता, तसो.”

दुसऱ्यात माणसं काळातून मागेपुढे धावत होती, एकेकाच्या चार चार आवृत्त्या. तेजस्विनी स्वतःच गोंधळली. बाबाजी मात्र निवांत. हे कीर्तन. बुवा एक अभंग धरतात, तिथून कुणाच्या मेव्हण्याच्या लग्नात शिरतात, आणि तासाभराने अभंगावर परत येतात, कुठून ते देवालाही सांगता येत नाही.

तिसरी गोष्ट अंतराळाची. ग्रहच ग्रह, प्रत्येकाची हद्द वेगळी, राखणदार वेगळे. पूर्वजांनी कधीतरी काही चूक केलेली, ती कोणाला आठवत नाही, पण भोगतात सगळे. बाबाजींचा उंडा चहात विरघळला.

“अगो, हे गाऱ्हाणा! घालूक कोण मिळाक नाय, म्हणान बिचाऱ्यांका इतके सिनेमे काढूचे लागले.”

त्यात झारकोन ग्रहाचा एक मुलगा काळोखात वाट चुकलेला. पुढचा भाग अजून आला नव्हता, आणि तो मुलगा घरी पोचणार की नाही यावरून वाड्यावरची पोरं भांडत होती.

जत्रा आली. नारळ ठेवले. बाबाजी दर्यापारच्या मागण्याशी पोचले, समोर खाली घातलेल्या माना बघितल्या, आणि त्यांची जीभ घसरली म्हणा, नाहीतर वळली म्हणा. “झारकोन वाड्यावरचो जो झिलगो काळोखात वाट चुकलो आसा, तेका, आणि तेच्यासारखो जो कोण लांब अडाकलो आसात, तेका सुखरूप घराक हाड म्हाराजा.”

खाली घातलेल्या माना झटकन वर आल्या. मग ‘होय म्हाराजा’ असा काही उठला की देवळातली कबुतरं उडाली. गॅरेजवाला अमोल तर दोनदा ओरडला. बाबाजींनी डोळे पुसले; लोकांना वाटलं, धूप लागला.

पण देवापुढचा शब्द पुसता येतो होय? बाबुराव मानकरी अडून बसले: झारकोन कोणाच्या हद्दीत? आपल्याच हद्दीत काय, असा देवाला कौल लावला. पाषाणाला पाकळ्या चिकटवल्या, आणि प्रश्न पुरता व्हायच्या आतच उजवी, होकाराची, पडली. म्हणजे झारकोन गावचाच वाडा. मग पालखी तिथे न्यायची कशी, गटार काढायला तिथली माणसं का येत नाहीत, यावर कडाक्याची सभा झाली. ठरलं ते असं: मुलगा घरी पोचेपर्यंत झारकोनचा नारळ तरुण मंडळींनी ठेवायचा.

गणपतीच्या चवथीला रुद्रेश आला. काळवंडलेला, वाळलेला, पण आला. बाबाजींची पंचाईत झाली. मागणं फळलं म्हणावं, तर आपला मुलगा आपण गावाच्या गाऱ्हाण्यात चोरून चढवला, तेही विनातिकीट, हे उघड होणार. म्हणून झारकोनचा नारळ तसाच चालू राहिला. फक्त काकीला ठाऊक होतं.

पुढच्या जत्रेला रुद्रेश अमोलच्या खांद्याला खांदा लावून उभा. अमोलने त्याला झारकोनची सगळी गोष्ट सांगितलेली. झारकोनच्या मुलाचं मागणं आलं तेव्हा सगळ्यात मोठा होकार रुद्रेशचाच. तो होकार कानी पडला आणि बाबाजींना पुढचं मागणं आठवेना. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. सगळे थांबले.

बायकांतून चंद्रावतीकाकीचा आवाज आला, “पुढचा म्हणा आता. आमचो झिलगो पावलो घराक.”

आणि रुद्रेशसकट सगळी पोरं सवयीने म्हणाली, “होय म्हाराजा.”