बोटभर जागेतला ट्रान्झिस्टर

दुरुस्तीच्या दुकानात एक डबा उघडला की मूठभर धूळ निघते, दोन झुरळं निघतात आणि एक किस्सा निघतो. धूळ झटकता येते. किस्से साचतच जातात!

गोंदियाच्या बाजारात आमचं दुकान. मालक तुरकरभाऊ, वंदनाताई आणि मी. ॲम्प्लिफायर, इन्व्हर्टर, जे येईल ते. यांतले पॉवर ट्रान्झिस्टर तापतात, म्हणून ते ॲल्युमिनियमच्या हीटसिंकवर, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या ठोकळ्यावर, कसायचे. मध्ये अभ्रकाचा पातळ पापुद्रा, म्हणजे करंट हीटसिंकमध्ये उतरत नाही. जागा बोटभर, स्क्रू दिसत नाही, आणि पापुद्रा फाटला की धडाम! म्हणून स्विच दाबण्याआधी मीटर लावून बघायचं, तो वाजला की शॉर्ट.

*

नवीन होतो तेव्हाची गोष्ट. भाऊंनी विचारलं, "मीटर लावून पायलं का?"

"हो." लावला नव्हता.

स्विच दाबला. फाट्! दुकानभर धूर. भाऊंनी जळालेला ट्रान्झिस्टर काढून माझ्या हातावर ठेवला. म्हणाले, "खोटं बोलून माणूस वाचते, ट्रान्झिस्टर नाही वाचत!"

*

इटियाडोहकडचे एक काका ॲम्प्लिफायर घेऊन आले. "मीच खोलून साफ केला. मधात प्लास्टिकसारखं काहीतरी फसलं होतं, काढून फेकलं."

भाऊंनी कपाळाला हात लावला. "मंग आवाज आला का?"

"आला ना! एकदाच आला. पण लय जोराचा!"

*

देवरीचा बँडवाला ॲम्प्लिफायर घेऊन आला. लग्नाची वरात रस्त्यात थांबलेली, आणि कसताना नट आत पडला. सुटा नट आत ठेवून मशीन चालू करता येत नाही. डबा उलटा केला, हलवला, चुंबक फिरवलं. नट नाही!

"भाऊ, नवरदेव घोड्यावर बसून राहिला!"

"बसू दे. घोडा जळत नाही, हे जळते."

अर्ध्या तासाने नट सापडला, भाऊंच्या दुमडलेल्या बाहीत. भाऊ शांतपणे म्हणाले, "मी सांभाळूनच ठेवला होता."

*

आणि कामठ्याची दुपार. एका मुलाचा फोन आला, "लाइन गेली, इन्व्हर्टर जळला. माय ऑक्सिजनच्या मशीनवर आहे!" ॲम्ब्युलन्स निघाली होती, घरात एक छोटा सिलेंडर होता. दुकानातला जादा इन्व्हर्टर बाहेर दिलेला. आम्ही तिघं गाडी काढून निघालो.

इन्व्हर्टर जिन्याखालच्या कोनाड्यात, बोल्ट गंजलेले. हीटसिंक आणि भिंत यांच्यात फक्त वंदनाताईचा हात गेला. बॅटरीच्या वायरी सोडवल्या, जळालेले दोन ट्रान्झिस्टर काढले. नवे तिने न बघता, चाचपडत बसवले. मी मीटर लावला. टीं...! शॉर्ट. अभ्रक सरकलं होतं.

"ताई, सिलेंडरचा काटा लालवर आला," मुलगा म्हणाला.

"मले काटा नोको सांगू. टॉर्च धर."

पुन्हा खोललं. पत्र्याने बोटं कापली, रक्त मनगटापर्यंत आलं. पुन्हा कसलं. मीटर लावला. मीटर गप्प.

वायरी जोडल्या. भाऊंनी स्विचवर बोट ठेवलं, दाबलं. आतल्या खोलीत मशीन घरघरायला लागली.

कोणी काहीच बोललं नाही. मुलगा भिंतीला टेकून खाली बसला.

तेवढ्यात आतून म्हातारीचा बारीक आवाज आला, "सारे चूप काऊन? मेली का मी?"