मागच्या दाराचा माणूस

शनिवारी संध्याकाळी विसूचा फोन यायचाच. मी घेतला की तो म्हणायचा, "उद्या पेण. जिते नाही," आणि ठेवून द्यायचा. या एवढ्याशा संभाषणामागे इतिहास आहे. मी राहतो रोह्याजवळ, वरसे गावात. एका रविवारी सकाळी रोह्याहून गाडीत बसलो, कासूपर्यंत चांगला जागा होतो, बाहेरचे बगळेसुद्धा बघत होतो, आणि मग डोळे उघडले तेव्हा गाडी पेण मागे टाकून जित्याला उभी होती. पेणला बाजार बघायला आलेल्या पाहुण्यांचा घोळका माझ्या नावाने खडे फोडत उभा, आणि मी जित्याच्या फलाटावर परतीच्या गाडीची चौकशी करतोय. तेव्हापासून दर शनिवारी हा फोन.

त्या शनिवारीही तो वाजला. पडद्यावर त्याचंच नाव होतं. मी हॅलोसुद्धा न म्हणता सुरू झालो, "होय रे बाबा, पेणलाच उतरतो. आमच्या हिने गळ्यात पाटी अडकवायची ठरवलीय, या इसमास पेण येथे उतरवावे म्हणून." पलीकडून कोणी बोलेना. मला वाटलं, हसतोय... मग सुनंदावहिनींचा आवाज आला.

"भावोजी, मी बोलतेय. हे गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत."

चुका मी जन्मभर केल्या, पण मरणाच्या बातमीला थट्टेने तोंड द्यायची ही पहिलीच वेळ. दिवसकार्य झाल्यावर मी वहिनींची माफी मागायला गेलो, तर त्याच म्हणाल्या, "असू दे हो. त्या सगळ्या दिवसांत नेहमीसारखा आवाज तेवढा एकच ऐकला मी."

विसू एस.टी.त कंडक्टर होता, आणि त्याची माझी ओळख माझ्या चुकीतूनच झाली. पेणला एका कचेरीत मला नोकरी लागली होती. पहिल्या दिवशी, घरच्यांनी कपाळाला कुंकू लावून पाठवलं असताना, मी रोह्याच्या स्टँडवर ऐटीत अलिबागच्या गाडीत जाऊन बसलो. तिकीट फाडता फाडता हा शिडशिडीत माणूस म्हणाला, "पेणला जायचंय ना? मग वडखळ नाक्याला उतरा आणि तिथून पेणची गाडी धरा." मी मान डोलावली, आणि वडखळ येईपर्यंत गाढ झोपलो. नाका मागे पडल्यावर विसूच्या लक्षात आलं. त्याने दोरी ओढली, घंटा एकदाच वाजली, आणि भर रस्त्यात गाडी थांबली. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "कोन उतरतोय रे इथं? इथं तर कुत्रा पन नाय उतरत." विसू मागच्या दारात उभा राहून मला हात देत म्हणाला, "सरळ मागे चालत जा. आणि रोहेकर, पेणच्या गाडीत उभ्याने जा." त्या दिवसापासून मी त्याच्यासाठी रोहेकरच राहिलो. पुढे तो पेण-रोहा गाडीवर आला, मी रोजचा प्रवासी झालो, आणि 'अहो'चं 'अरे' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

निवृत्त झाल्यावर माणसं देवाला लागतात नाहीतर डॉक्टरांना. विसू बाजाराला लागला. रोज सकाळी पिशवी घेऊन पेणच्या जुन्या बाजारात एक चक्कर. काही घ्यायचं नसलं तरी प्रत्येक दुकानाशी थांबायचा. एकदा असाच भांड्यांच्या दुकानात बसला असताना मला म्हणाला, "रोहेकर, भारमान कमी झालंय." भारमान म्हणजे गाडी किती भरून धावते तो हिशोब. गाडी रिकामी धावायला लागली की डेपो काही दिवस बघतो, मग ती फेरी बंद होते. पहिली नोटीस लागते, मग पाटी निघते, मग त्या गावाची माणसं पायी चालायला लागतात. हे त्याने आयुष्यभर पाहिलेलं. आता बाजारात त्याला तेच दिसत होतं. भांड्यांच्या दुकानात पितळी घंगाळं नुसती चकाकत पडलेली, पोह्यांच्या गिरणीचा पट्टा दुपारनंतर बंद. "माणसं भरायला पाहिजेत," तो म्हणाला, "नाहीतर ही पण फेरी बंद होईल."

आणि त्याने माणसं भरायला सुरुवात केली. गणपती ठरवायला पुण्या-ठाण्याहून पेणला येणारी मंडळी मूर्ती बघायची, आगाऊ रक्कम द्यायची आणि तशीच निघून जायची. विसूने कारखान्याच्या दाराशीच त्यांना धरलं. "आलाच आहात तर बाजार बघून जा." त्यातून रविवारची बाजारफेरी सुरू झाली. अशा फेऱ्यांत माहीतगार माणूस छत्री उंच धरून पुढे चालतो म्हणतात. विसू सगळ्यांच्या मागे चालायचा. कंडक्टरची जागा मागच्या दारात, असं त्याचं म्हणणं. पुढचा माणूस फक्त रस्ता बघतो, माणसं राहिली का, दमली का, कोणाची चप्पल तुटली, हे मागूनच दिसतं. आणि पुढे चालायला त्याने मला नेमलं. साऱ्या पेणमध्ये रस्ता चुकण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता, तरी मला. विचारलं तर म्हणाला, "तुला मागे ठेवला तर तू हरवशील. पुढे असलास की दिसतोस तरी."

त्याच्या हातात घराची किल्ली असायची, जाड, जुन्या कुलपाची. थांबा आला की ती एकदा वाजवायची, निघायचं झालं की दोनदा. सिंगल आणि डबल. भांड्यांच्या दुकानात घंगाळावर, गिरणीत पत्र्याच्या डब्यावर. स्वतः फार बोलायचा नाही. दुकानदाराला म्हणायचा, "शेठ, सांगा काय ते," आणि मागे जाऊन उभा राहायचा. त्यामुळे पोहे भट्टीत किती भाजायचे ते गिरणीवाला सांगायचा, आणि दरवेळी वेगळं सांगायचा. विसूला त्याचं काही नव्हतं. "गाडी वेळेवर सुटली म्हणजे झालं."

खरं सांगायचं तर या फेरीचे बरेचसे थांबे म्हणजे माझ्या चुका. नानांच्या गणपती कारखान्यातलंच बघा. बाहेरच्या खोलीत मूर्तींची रांग, मी नाकासमोर बघून उभा, आणि पाय दुखले म्हणून मागे टेकलो. पाठीशी ओल्या पितांबराचा गणपती होता. नाना उठले, त्यांनी मला खांद्याला धरून फिरवलं, पाठ न्याहाळली आणि म्हणाले, "उमटलंय चांगलं. आता हा सदरा धुवायचा नाही." मला भूमी पोटात घेईल तर बरं असं झालं. विसूने मात्र पुढच्या रविवारी येताना नानांच्या परवानगीने एक तडकलेली मूर्ती मागून घेतली, आणि प्रत्येक पाहुण्याला पितांबरावर कुंचल्याचा एक हात मारायला दिला. "रोहेकरांनी पाठीने रंगवलं," तो सांगायचा, "तुम्ही हाताने रंगवा." लहानांपेक्षा मोठेच जास्त हरखायचे.

आतल्या खोलीत मात्र किल्ली खिशात. तिथे नाना डोळ्यांची आखणी करायचे. डोळे उघडतात ते तेव्हा, म्हणून त्या वेळी कारखान्यात कोणी बोलायचं नाही, काही वाजवायचं नाही, असा नानांच्या वडिलांपासूनचा नियम. तिथून निघताना विसू नुसती दोन बोटं वर करायचा, आणि सगळा घोळका चवड्यांवर बाहेर पडायचा.

पण माझी सर्वांत मोठी कामगिरी हळदीची. विसू तापाने पडला होता आणि फेरी मी एकट्याने न्यायची होती. भांड्यांच्या दुकानानंतर डावीकडे वळायचं. मी उजवीकडे वळलो. पुढे मांडव दिसला, हळदीची गाणी, धवले, म्हणणाऱ्या बायकांचा आवाज आला, आणि दारातल्या एका गृहस्थाने हात जोडून "या, या" म्हटलं. मी मागे बघतो तर आमची सगळी मंडळी आत शिरून चपला काढत होती. ठाण्याच्या एका बाईंनी कौतुकाने विचारलं, "हे फेरीतच आहे का?" आता काय सांगणार... "हो, हो," मी म्हटलं, "स्थानिक अनुभव." वालाचं बिरडं, वडे, भात, पापड. पंगत बसली. आमच्या मागे दोन बायकांचं चाललेलं मला ऐकू येत होतं.

"ही कंची गो मानसां? कंपनीतली हायत का?"

"नाय गो. नवऱ्याच्या मामाकडची असतील. खातात बघ कशी, लाज नाय."

मी वडा तसाच गिळला. तेवढ्यात मांडवाच्या बांबूवर किल्ली वाजली. सिंगल. मफलर गुंडाळलेला विसू दारात उभा. भांडेवाल्याने त्याला घरी कळवलं होतं, तुमचा ड्रायव्हर उजवीकडे वळलाय म्हणून. मला वाटलं आता शोभा होणार. विसू सरळ आत गेला, घरच्या मोठ्या बाईंना, शेवंतीमावशींना, नमस्कार केला आणि म्हणाला, "मावशी, ही माणसं पेण बघायला आलीत. माझा माणूस वाट चुकला आणि बरोबर ठिकाणी आला. नवरीला हळद लावून जाऊ द्या यांना." मावशींनी हळदीची वाटी पुढे केली. मग म्हणाल्या, "लावा. पन तो वडे खानारा शेवटी."

त्या दिवशी पानात वाढलेले पोह्याचे पापड मावशींनी स्वतः लाटलेले होते, हे पंगतीतल्या चौकशीतून कळलं होतं. पुढच्या रविवारपासून मावशींचं अंगण हा फेरीचा नवा थांबा झाला. पाहुण्यांना पोळपाटाशी बसवून त्या पापड लाटायला लावत, आणि वाकडा झाला की म्हणत, "नवऱ्याच्या मामाकडचा दिसतोस." मी चुकलो की विसू वाट अशी वळवायचा. चूक पुसायची नाही, तिच्यावर थांब्याची पाटी लावायची.

तो गेल्यावर रविवारामागून रविवार गेले. बाजारात कोणी स्पष्ट बोलत नव्हतं, पण मी गेलो की भांडेवाला विचारायचा, "आता काय?" आणि स्वतःच घंगाळं पुसायला लागायचा. गणपतीच्या आधीच्या रविवारी नाशिकच्या काही निवृत्त शिक्षिका येणार होत्या, विसूनेच त्यांना वेळ दिली होती. मी वहिनींना म्हटलं, "नको म्हणून कळवतो. एकदा मोकळेपणाने सांगून टाकू, फेरी बंद." वहिनी निवडत असलेलं तांदळाचं ताट बाजूला ठेवून म्हणाल्या, "कोणी बंद केली?"

"अहो, मी चुकतो. तुम्हाला ठाऊक आहे."

"चुकाल की. बाजारातच चुकाल ना? समुद्रात तर नाही?" मग उठून त्यांनी खिळ्यावरची किल्ली काढली. "तुम्ही पुढे चला. मागे मी आहे."

त्या रविवारी मी जित्याला गेलो नाही, हे नोंदवून ठेवतो. शिक्षिका आल्या. भांड्यांच्या दुकानाशी थांबलो, भांडेवाल्याने भरभरून सांगितलं, आणि निघायची वेळ झाली तेव्हा वहिनींनी किल्ली घंगाळाला लावली. हात इतका कापत होता की आवाजच उमटेना. भांडेवाल्याने हातातलं फडकं खाली ठेवलं. मग त्याने शेजारची पळी उचलली आणि घंगाळावर दोन टोले दिले, असे खणखणीत की समोरचा किराणावाला बाहेर आला. गिरणीत तर आम्ही निघायच्या आधीच पत्र्याचा डबा वाजला. शेवंतीमावशींनी पोळपाटावर लाटणं दोनदा आपटलं आणि वहिनींना जवळ घेऊन हळूच म्हणाल्या, "येत जा गो. आंगन झाडून ठेवीन."

नानांकडे पोचलो. बायकांनी तडकलेल्या मूर्तीच्या पितांबरावर कुंचले फिरवले, मी भिंतीपासून आणि गणपतीपासून सारख्या अंतरावर उभा राहिलो. मग आतली खोली. नाना डोळा आखत होते. कोणी श्वास मोठ्याने घेत नव्हतं. बुबुळ भरलं, पापणीची रेघ ओढली, नाना मागे सरकून बघत राहिले. निघायची वेळ झाली. दोन बोटं वर करायची ती कोणी, मला कळेना, वहिनींनाही कळेना. तेव्हा नानांनी कुंचला उलटा धरला, आणि ज्या पाटावर बसले होते त्याच्या कडेवर त्याचं टोक दोनदा टेकवलं. टक, टक. वडिलांपासून जिथे काही वाजलं नव्हतं, त्या खोलीत.

आम्ही चवड्यांवर बाहेर पडलो, उन्हात आलो. पुढे मी, मागे शिक्षिका, सगळ्यांच्या मागे वहिनी. डोळ्यांत पाणी असताना रस्ता नीट दिसत नाही, असं म्हणायची सोय आहे, पण खोटं कशाला बोलू, कोरड्या डोळ्यांनीही मला तो कधी दिसला नव्हता. मी डावीकडे वळायचं तो उजवीकडे वळलो.

मागून विजेच्या खांबावर किल्ली वाजली. स्पष्ट, न कापता. सिंगल.